कुकडीकाठच्या धावण्याच्या वाटा

दरवर्षी १ जानेवारीला आम्ही भीमा कोरेगावला जातो. विजयस्तंभाला मानवंदना दिली की आमच्या वस्तीतली बाकीची मंडळी कल्याणला परततात आणि मी मात्र शिक्रापूर-चाकणमार्गे नारायणगावची वाट धरते. माझे माहेर जुन्नर तालुक्यात, कुकडी नदीच्या काठी आहे. वर्षातून चार-पाच दिवस तिथे राहायचे, वहिनीच्या हातची बाजरीची भाकरी खायची, थंडीत शेकोटीपाशी बसायचे आणि परत कामावर रुजू व्हायचे, एवढाच माझा प्रवास. पण २०२६ च्या जानेवारीत हे चार-पाच दिवस मी अक्षरशः धावण्यात घालवले. म्हणजे धावत होती माझी पुतणी. मी तिच्या मागे कधी चालत, कधी सायकलवर, तर कधी नुसती शिट्टी घेऊन बसून होते.

वाचकहो, आपल्या घराघरांत आज एक तरी मुलगा किंवा मुलगी पोलीस भरतीची तयारी करीत असते. त्यामुळे हा विषय नव्याने सांगायला नको. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्याशिवाय १०० मीटर आणि गोळाफेक असते. मैदानी परीक्षा एकूण ५० गुणांची, त्यातले २० गुण या एका लांब धावेचे. माझी पुतणी मागच्या वेळी तिथेच मागे पडली. लेखीच्या अभ्यासात हुशार, गोळाही बरा जातो, पण ८०० मीटरच्या शेवटच्या दोनशेत तिचा दम तुटला. घरी येऊन दोन दिवस जेवली नव्हती असे वहिनी सांगत होती. भरतीच्या खासगी वर्गांची फी आमच्या दादाला झेपणारी नाही. तो नारायणगावच्या टोमॅटो मार्केटमध्ये हमाली करतो. तेव्हा रस्ता, कालवा, डोंगर आणि नदी हेच तिचे मैदान.

मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला जाग आली ती आवाजाने. पुतणी पायात बूट घालून उभी, आणि दादा दाराला आडवी बाज टाकून बसलेला.

"आण्णा, उठा ना. उजाडल्यावर रस्त्याला ट्रॅक्टर सुरू होत्यात. मग कुठं पळू?"

"नको पळू. नोकरी जगल्या माणसाला असती."

मला आधी वाटले, मुलीच्या जातीला अंधारात बाहेर सोडायचे नाही असे काही जुने खूळ दादाच्या डोक्यात आले असेल. मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनीने हळूच सांगितले, की आठ दिवसांपूर्वी शेजारच्या ओट्यावरून वाघाने कुत्रा उचलून नेला. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. कुत्र्याची साखळी तेवढी खुंट्याला राहिली होती.

दादाची भीती खोटी म्हणता येत नव्हती. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुलांसह तिघांचा जीव गेला. लोकांनी मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला होता. ती बातमी मी कल्याणला टीव्हीवर पाहिली होती आणि रात्री दादाला फोन केला होता. तेव्हा तोच मला म्हणाला होता, "आपल्याकडं काय नाही, तू काळजी करू नको."

हे जनावर आमच्या अंगणात आले कसे, हे थोडे सांगितले पाहिजे. कुकडी प्रकल्पात माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगा अशी धरणे झाली. कालव्यांना पाणी आले. जिथे आमच्या आजोबांच्या काळात बाजरी आणि मटकी व्हायची तिथे ऊस उभा राहिला. ऊस म्हणजे बिबट्याला बारा महिने दाट सावली, जवळ पाणी आणि गावातली कुत्री-शेळ्या खायला. मादी उसातच वीते आणि पिल्लांना तोच फड जंगल वाटतो. २००१ नंतर जुन्नर भागात माणसांवरचे हल्ले एकदम वाढले. तेव्हा पकडलेले बिबटे लांब नेऊन सोडण्याची पद्धत होती. अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले, की अनोळखी मुलखात सोडलेल्या बिबट्यांमुळे हल्ले कमी होण्याऐवजी वाढतात. आता पकडलेले काही बिबटे जुन्नरजवळ माणिकडोहच्या निवारा केंद्रात ठेवलेले आहेत. जानेवारी म्हणजे ऊसतोडणीचा हंगाम. फड तुटला की जनावर उघड्यावर येते, पिल्ले सापडतात, मादी चवताळते. नेमका हाच भरतीच्या सरावाचाही काळ.

तेव्हा त्या पहाटे पुतणी गेली नाही. बूट काढून भिंतीला तोंड करून बसली. दादा कामाला गेला. मी चहा पिता पिता तिला विचारले, "तू रोज पळतेस कुठे, ते तरी मला दाखव."

ती मला कालव्यावर घेऊन गेली. तेव्हा आठ वाजून गेले होते. कालव्याच्या भरावावरचा मातीचा रस्ता धावायला फार छान असतो. सपाट, मऊ, गुडघ्याला मार नाही. डांबरी रस्त्यावर पळून पळून भरतीच्या पोरांच्या नडग्या दुखायला लागतात, तसे इथे होत नाही. दर ठरावीक अंतरावर दगड असल्यामुळे मोजमापही आपोआप होते. एका बाजूला भरून वाहणारे पाणी, पाण्यावर धुके, पलीकडे शिवनेरीचा कडा. पण दुसऱ्या बाजूला सलग अर्धा किलोमीटर ऊस! हात लांबवला तर पात लागेल इतका जवळ. पाचटात काही खसफसले तरी दिसणार नाही. मी तिला म्हटले, "पोरी, आण्णा तुझा वैरी नाही गं." तिने मान हलवली, पण डोळ्यांत पाणी आले. म्हणाली, "आत्या, मग मी पळू कुठं? शाळेच्या मैदानावर पोरं क्रिकेट खेळत्यात, मुली पळायला लागल्या की हसत्यात. तिथं एकटी जायला नको वाटतं."

त्या दिवशी आम्ही दोघींनी वहीच्या कागदावर वाटा मांडायला घेतल्या. जिथे ऊस नाही, जिथे लांबवर दिसते, जिथे सूर्य उगवल्यावरही वाहने कमी असतात अशा वाटा. माझे बालपण या मुलखात गेले, पण असा विचार मी कधी केला नव्हता.

पहिली वाट लेण्याद्रीची ठरली. जुन्नर गावातून निघायचे, कुकडीचा पूल ओलांडायचा आणि डोंगराच्या पायथ्याशी गोळेगावपर्यंत जायचे. पाचेक किलोमीटर. एसटीने जुन्नर स्टँडवर उतरलो तेव्हा सात वाजून गेले होते, ऊन कोवळे होते. पुतणीबरोबर वस्तीतल्या आणखी दोन मुली आल्या होत्या. एक मराठ्यांची, एक ठाकर समाजाची. तिघींचे स्वप्न एकच, खाकी. मी मागून दादाची सायकल हाणत होते. नदीवर थांबून पाहिले तर पाण्यातून वाफा निघत होत्या आणि एक धोबी खडकावर कपडे आपटत होता. पुलानंतर रस्ता उघडा आहे. कांदा, गहू, हरभरा अशी बुटकी पिके दोन्ही बाजूंना. दूरपर्यंत नजर जाते. समोर लेण्याद्रीच्या कातळात एका ओळीत काळी दारे दिसतात. मुलींना मी सांगितले, दारे मोजत पळा, म्हणजे दम लागल्याचे लक्षात येणार नाही.

पायथ्यापासून वर तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. चढणीचा सराव याहून चांगला कुठे मिळणार? मात्र पायऱ्यांवर भाविकांची गर्दी सुरू होण्याआधी हे करावे आणि उतरताना मुळीच पळू नये. उतरताना गुडघे जातात. माकडेही फार आहेत. हातात पिशवी दिसली की अंगावर येतात, म्हणून शेंगदाणे-गुळाची पुडी कमरेला बांधावी.

वरच्या तीसेक लेण्यांपैकी सातव्या क्रमांकाच्या लेण्यात गिरिजात्मज गणपतीचे देऊळ आहे. अष्टविनायकांतले एक. बहुतेक लोक ते पाहून खाली उतरतात. ते लेणे मुळात भिक्खूंचा मोठा विहार आहे. आत एकही खांब नाही आणि बाजूंनी भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या आहेत. शेजारचे सहावे लेणे चैत्यगृह आहे. आत खांबांच्या दोन ओळी, खांबांवर हत्ती, सिंह असे प्राणी आणि शेवटी स्तूप. मूर्ती नाही. ज्या काळात बुद्धाची मूर्ती घडवत नसत त्या काळातले हे काम. मुली घामेजलेल्या होत्या, आत गारवा होता. तिघीही आपोआप गप्प झाल्या.

तिथल्या ब्राह्मी शिलालेखात हे चैत्यगृह दान देणाऱ्याचे नाव आहे. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत. हेरणिक म्हणजे सोन्याचा व्यवहार करणारा, सराफ म्हणा. मी मुलींना म्हटले, बघा, आमच्या कल्याणचा माणूस दोन हजार वर्षांपूर्वी इथवर आला होता. तर ठाकर समाजाची मुलगी पटकन म्हणाली, "मग तो पण पायऱ्या चढताना दमला आसंल." सगळ्या हसल्या.

एकट्या जुन्नरच्या भोवती दोनशेच्या आसपास लेणी आहेत. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरीचा कडा, तुळजा लेणी. इतकी बौद्ध लेणी एका गावाभोवती दुसरीकडे क्वचितच असतील. त्यांचा खर्च केला कोणी? राजांनीच केला असे नाही. शिलालेखांत यवन म्हणजे ग्रीक माणसांची नावे आहेत. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दान दिल्या. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणींचा म्हणजे संघटनांचा उल्लेख आहे. एका शक उपासकाच्या दानलेखात तर करंजाच्या आणि वडाच्या झाडांच्या जमिनीचा हिशेब दिला आहे. बुरुडकाम करणाऱ्या हातांचे नाव दगडावर कोरलेले आहे, हे वाचताना मला आमच्या वस्तीतल्या टोपल्या विणणाऱ्या म्हाताऱ्या आठवल्या.

भिक्खू पावसाळ्याचे तीन महिने एका जागी वर्षावास करीत आणि बाकीचे दिवस चारिका, म्हणजे पायी भ्रमण. चालणे हा त्यांच्या जगण्याचा भाग होता. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे, म्हणजे येरझारा घालीत चालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत. लांबचा प्रवास झेपतो, कष्ट करण्याची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि चित्ताची एकाग्रता टिकते. मी पायरीवर बसून हे मुलींना सांगितले तेव्हा पुतणी म्हणाली, "आत्या, हे तर आमच्या भरतीच्या पुस्तकात पाहिजे होतं."

दुसरी वाट मानमोडीच्या डोंगराची. जुन्नरहून नारायणगावकडे जाताना गावाबाहेरच हा डोंगर लागतो. इथे भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूत लेणी असे तीन गट आहेत. नावे मागाहून पडलेली, काम बौद्ध. पायथ्याची पाऊलवाट माळरानातून जाते, मुरमाड आहे, घसरते. शेवटच्या दोनशे मीटरला दम पुरावा म्हणून चढावर छोट्या छोट्या धावा काढायच्या असतील तर ही वाट उत्तम. पण एक गोष्ट लक्षात ठेवावी. कड्याला आग्या मोहळे आहेत. अत्तर, सेंट लावून जाऊ नये, आरडाओरडा करू नये, धूर तर मुळीच नको. आम्ही खालूनच परतलो. लेणी पाहायची हौस होती, पण तीन पोरींची जबाबदारी माझ्यावर होती.

तुळजा लेणी जुन्नरच्या पश्चिमेला. तिथला चैत्य गोल आहे. मधोमध स्तूप, भोवती बारा खांबांचे कडे आणि वर घुमट. असा गोल चैत्य फार दुर्मीळ. मुलींना तो इतका आवडला, की त्यांनी स्तूपाभोवती शांतपणे प्रदक्षिणा घातल्या आणि मग बाहेर येऊन पायाच्या शिरा ताणण्याचे व्यायाम केले. परतीच्या रस्त्यात एके ठिकाणी पुन्हा ऊस लागतो. तेवढा पट्टा आम्ही पळालो नाही. एकत्र, मोठ्याने बोलत चालत आलो.

रविवारी दादाला सुट्टी होती. त्याने मित्राची जीप आणली. म्हणाला, "चला, तुम्हाला वाघ नसलेल्या ठिकाणी नेतो." आम्ही नाणेघाटाला निघालो. जुन्नरपासून तीसेक किलोमीटर पश्चिमेला. वाटेत चावंडचा किल्ला, मग पूर गावातले कुकडेश्वर. आमची कुकडी तिथे उगम पावते. आपल्या दारातल्या नदीचे पहिले पाणी बघायला मला पन्नाशी गाठावी लागली. तिथे ती इतकी बारीक आहे, की लहान मूल उडी मारून ओलांडेल.

घाटघरच्या पुढे पठार लागले आणि पुतणीने जीप थांबवायला लावली. पठारावर पिवळे गवत, एका बाजूला जीवधनचा कातळ, वारा असा की ओढणी राहीना. ती आणि तिच्या मैत्रिणी तिथून घाटाच्या तोंडापर्यंत पळत गेल्या. दादा जीपमधून पाहत होता. त्याने आपल्या मुलीला एवढे लांब पळताना पहिल्यांदाच पाहिले असावे. भरतीच्या मैदानावर पालकांना आत सोडत नाहीत आणि एरवी तो पहाटे चारलाच मार्केटला जातो. मला म्हणाला, "पाय कसे टाकती गं, हरणासारखी." मग लगेच खिडकीतून तोंड बाहेर काढून ओरडला, "कडेला जाऊ नका!"

नाणेघाट म्हणजे कोकणातल्या बंदरांतून घाटावर येणाऱ्या मालाचा जुना रस्ता. कल्याण, सोपाऱ्याहून निघालेले बैल आणि व्यापारी हा चढ चढून जुन्नरच्या बाजारात येत. घाटाच्या तोंडाशी दगडाचा मोठा रांजण आहे, जकातीचा म्हणून दाखवतात. आतल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात वैदिक यज्ञांच्या वेळी दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि हजारो कार्षापणांचे हिशेब आहेत, आणि आकडे लिहिण्याची आपल्याकडची फार जुनी पद्धत तिथे पाहायला मिळते. राजघराण्याच्या मूर्ती होत्या त्या नष्ट झाल्या, वरची नावे तेवढी उरली. राणी यज्ञाला गायी देत होती आणि त्याच रस्त्याने आलेला सराफाचा मुलगा लेण्याद्रीला स्तूप कोरून घेत होता. त्या रस्त्यावर दोन्ही चालत होते.

खाली उतरणारी वाट वैशाखऱ्याला जाते. उंच-सखल दगडी पायऱ्या आणि निसरडे चढ. ती पळण्याची वाट नव्हे. पावसाळ्यात तर इथे वाऱ्याने धबधब्याचे पाणी उलटे वर उडते आणि धुक्यात हाताचा हात दिसत नाही. मुलांनो, रील काढण्यासाठी कड्यावर पळू नका, एवढेच आत्या म्हणून सांगते.

परतीच्या दिवशी एक काम आंबेगाव तालुक्यात होते, वहिनीच्या माहेरी घोडेगावला. तालुक्याचे नाव आंबेगाव, पण कचेऱ्या घोडेगावात, कारण मूळचे आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. नाव कागदावर राहिले, गाव पाण्यात. घोड नदीच्या काठाने डिंभ्याकडे जाणारा रस्ता सकाळी पळायला सुरेख आहे. आंब्याची जुनी झाडे, बाजूला नदी, पुढे धरणाचा फुगवटा निळा पसरलेला. पण भीमाशंकरच्या गाड्या भरधाव जातात. शनिवार-रविवार आणि सोमवार तिथे पळू नये. पळालात तर वाहने समोरून येतील अशा बाजूने पळावे.

पुढे भीमाशंकरचे अभयारण्य. १९८५ साली जाहीर झालेले. शेकरू हा आपला राज्यप्राणी इथे झाडांच्या शेंड्यांवर राहतो. मुलींना एक दिसला, तांबूस, शेपटी अंगाहून लांब. इथे आम्ही पळालो नाही. जंगलात मुकाट चालावे. डोंगरातल्या महादेव कोळी बायका हिरडा वेचायला याच वाटांनी जातात. डोक्यावर ओझे घेऊन त्या जो चढ चढतात तो पाहिला की आपल्या आठशे मीटरचे कौतुक वाटेनासे होते.

धरणाच्या त्या अंगाला माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी पावसात डोंगर खाली आला आणि दीडशेहून अधिक माणसे मातीखाली गेली. वहिनीची एक मैत्रीण तिथे दिली होती. वहिनी त्या दिशेला हात करून एवढेच म्हणाली, "तिकडं," आणि मग घोडेगाव येईपर्यंत बोलली नाही.

घरी परतल्यावर रात्री शेकोटीपाशी नियम ठरले. ते मी इथे लिहिते, कारण आपल्यातल्या पुष्कळ मुली याच भागात सराव करतात. सूर्य उगवल्याशिवाय निघायचे नाही. एकटीने जायचे नाही, किमान तिघी हव्यात. उसाच्या कडेने पळायचे नाही. तसा पट्टा लागलाच तर एकत्र चालायचे, बोलत राहायचे, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावायची. बुटाची नाडी बांधायला किंवा लघवीला उसाजवळ खाली बसायचे नाही, कारण वाकलेले-बसलेले माणूस जनावराला लहान सावज वाटते. समोर आलाच तर पाठ फिरवून पळायचे नाही. पळायला शिकलेल्या पोरींना हे सांगणे अवघड होते! ताठ उभे राहायचे, हात वर करायचे, ओरडायचे आणि तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरायचे. पिल्लू दिसले तर हात लावायचा नाही, लगेच वन खात्याला कळवायचे, कारण आई जवळच असते.

शाळेच्या मैदानाचा प्रश्न उरला होता. हसणाऱ्या पोरांचा. दादाने तो न बोलता सोडवला. शेवटच्या दिवशी त्याने मार्केटला अर्धा दिवस दांडी मारली, सकाळी साडेसातला सायकल काढली, कॅरिअरला काठी अडकवली आणि तिन्ही मुलींना घेऊन मैदानावर गेला. क्रिकेटच्या पोरांना म्हणाला, "बाबांनो, अर्धा तास कडेचा पट्टा सोडा. तुमच्यापैकी कुणाला पळायचं असंल तर या, घड्याळ मी लावतो." दोन पोरे खरोखरच आली. त्यातला एक मागच्या भरतीत नापास झालेला होता, हे आम्हाला तिथेच कळले.

मी खडूने रेघ मारली. दादाने मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला, कारण चष्मा घरी विसरला होता. पुतणी मैदानाला चार फेऱ्या मारून आली. शेवटच्या फेरीत तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण पाय थांबले नाहीत. मागच्या भरतीत तिला तीन मिनिटे एकोणीस सेकंद लागले होते.

"किती, आण्णा?"

दादाने मोबाइल माझ्याकडे दिला. तीन मिनिटे दोन सेकंद.

"घड्याळ मागं असंल," दादा म्हणाला. "परत पळ जरा."

ती मैदानातच आडवी झाली आणि हसत सुटली.

दुपारी मी ओतूरवरून माळशेज घाटाची कल्याण एसटी धरली. नाणेघाटाचे काम आता या घाटाने घेतले आहे. पिंपळगाव जोग्याचे पाणी खिडकीतून दिसत होते. गेल्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. आता पाच मुली आणि चार मुलगे मैदानावर जातात. लेण्याद्रीचा दिवस गुरुवार ठरला आहे. टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की दादाला सकाळची पाळी सोडता येणार नाही, मग त्यांच्याबरोबर कोण जाईल याची चर्चा चालू आहे. वहिनी म्हणते, मी जाईन, पण मला सायकल येत नाही. मी तिला सांगितले आहे, की पुढच्या १ जानेवारीच्या आत शीक.